‘तो आला की मजा जाते’: एका समजुतीची तपासणी

(ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही प्रसंग बदलले आहेत. संवादांचा आशय तसाच ठेवला आहे. व्यक्तीला इथे ‘क्ष’ म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

क्ष, वय ३६. एका कंपनीत अहवाल तपासण्याचं काम करतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातली विसंगती हुडकून काढायची, हीच त्याची नोकरी, आणि त्यात तो तरबेज आहे. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे तो आडवा येणार आहे. लग्न झालेलं, एक मुलगी. गेली काही वर्षं काम घरूनच चालतं.

तो आला झोपेची तक्रार घेऊन. पहाटे जाग यायची, मग डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि दिवसभर चिडचिड. डॉक्टरांनी रक्ततपासण्या करून घेतल्या होत्या. थायरॉइडसकट सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांनीच समुपदेशनाला पाठवलं. जाग आल्यावर डोक्यात काय चालतं, असं विचारलं तर पहिल्या भेटीत एवढंच उत्तर मिळालं, “काही नाही, जुनंच.”

जुनंच म्हणजे काय, ते दुसऱ्या भेटीत कळलं. कॉलेजात असताना तो वसतिगृहात राहायचा. एका संध्याकाळी खोलीच्या दाराशी पोहोचला आणि आतून आवाज आला, “त्याला नको सांगू रे, तो आला की मजा जाते.” तो दारातूनच परत फिरला. आत कोण होतं हे त्याला ठाऊक होतं. कोणाबद्दल बोलत होते, हेही ठाऊक होतं, असं तो म्हणाला.

“नाव ऐकू आलं होतं?”

“नाव कशाला लागतं?”

या वाक्याला १६ वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मात्र त्यावरून त्याने स्वतःचं एक वर्णन तयार केलं होतं, आणि प्रत्येक नवीन ओळख त्या वर्णनातून गाळून घेतली जात होती: आपण लोकांना ओझं होतो, लोक सभ्य असतात म्हणून बोलत नाहीत, आणि शहाण्या माणसाने नकोसं व्हायच्या आधी निघावं.

अडचण नेमकी काय होती

झोप बिघडली त्याच्या महिनाभर आधी एक घटना घडली होती. कॉलेजच्या सहा मित्रांचा व्हॉट्सॲपवर जुना ग्रुप होता. तो हळूहळू थंडावला होता. एके दिवशी एका मित्राच्या स्टेटसवर बाकी पाच जणांचा डोंगरावरचा फोटो दिसला. पुढे चुकून कळलं, की त्या पाचांचा वेगळा ग्रुप आहे आणि तो वर्षभर चालू आहे.

म्हणजे ही सगळी मनाची कल्पना नव्हती. त्याला खरोखर वगळलं होतं. स्वतःबद्दलच्या नकारात्मक गोष्टींवर काम करताना कधीकधी ‘हे तुम्हाला उगाच वाटतंय’ या गृहीतकावरून सुरुवात केली जाते. तशी इथे केली असती तर क्ष दुसऱ्या भेटीनंतर परत आला नसता, आणि त्याचं बरोबरच असतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. त्याचे ११ आले. १० ते १४ हा मध्यम तीव्रतेचा टप्पा धरतात. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार विचारणाऱ्या नवव्या प्रश्नाला त्याचं उत्तर ० होतं, आणि समोरासमोर विचारल्यावरही तेच राहिलं.

पहिला निर्णय इथे घ्यायचा होता: हा आजार धरायचा की अडचण? दोन्ही शक्यता जिवंत ठेवल्या. मनोविकारतज्ज्ञांचं मत घेतलं. त्यांनी लगेच औषध सुरू केलं नाही. चार आठवड्यांनी पुन्हा पाहू, तोवर गुण चढले तर आधी या, असं ठरलं.

समोर कोणते मार्ग होते

काही मार्ग त्याने स्वतःच चोखाळून झाले होते. ‘त्याचा विचारच करायचा नाही’ हा पहिला. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांचा १९८७ चा प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर आणखीच जोमाने आलं. पहाटे चार वाजता क्षच्या बाबतीत याहून वेगळं काही होत नव्हतं.

दुसरा मार्ग, चांगली वाक्यं घोकण्याचा. त्याच्या फोनवर रोज सकाळी एक स्मरणसूचना वाजायची: ‘मी सर्वांना हवाहवासा आहे.’ वाजली की लगेच आतून उत्तर यायचं, ‘कोणाला? नावं सांग.’ जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं आहे, की ज्यांचा आत्मसन्मान मुळातच कमी आहे त्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटू शकतं. ती स्मरणसूचना पहिल्याच आठवड्यात बंद करायला सांगितली. त्याला हायसं वाटलं.

तिसरा मार्ग मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांचा. १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की रुग्णांच्या मनात आपोआप, झरझर काही विचार येऊन जातात आणि ते तपासलेच जात नाहीत. हे विचार टिपायचे, त्यांच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. चौथा मार्ग त्याहून वेगळा: विचाराशी वाद घालायचाच नाही, तो आला तर येऊ द्यायचा आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं तसं वागत राहायचं. पाचवा सगळ्यात सरळ आणि सगळ्यात भीतिदायक, मित्रांना विचारून टाकायचं.

सुरुवात तिसऱ्याने केली. तो तर्काने चालणारा माणूस, पुराव्याची भाषा त्याला आवडेल, असा हिशोब होता.

पुराव्यांची यादी आणि तिचा उलटा परिणाम

भाषा आवडली, जरा जास्तच. त्याने वहीत दोन रकाने आखले आणि पुढच्या भेटीला भरून आणले. डावीकडे, समजुतीच्या बाजूने, चौदा नोंदी. तारखांसकट. एक नमुना:

‘निरोप दुपारी १.१०. निळ्या खुणा १.१२. उत्तर रात्री ९.४०. उत्तर: “हो रे, बघू कधीतरी.” वाचून साडेआठ तास उत्तर न देणं = टाळणं. “कधीतरी” = नाही.’

उजवीकडे तीन नोंदी, आणि त्यातही एकीपुढे कंसात ‘औपचारिकता असू शकते’.

दोन भेटी या वहीवर गेल्या. मी उजवी बाजू भरायला जायचो, तो प्रत्येक नोंद खोडून काढायचा. बघता बघता खोलीचं कोर्ट झालं, मी बचावाचा वकील आणि तो फिर्यादी. फिर्यादी जास्त तयारीचा होता. बूथबी आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं संशोधन त्याला सांगून पाहिलं: अनोळखी माणसांचं बोलणं झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक सर्रास कमीच बांधतात. त्याचं उत्तर तयार होतं. “सरासरी ना? मग काही जण खरंच नावडते असणार.” मुद्दा बिनतोड होता.

यादी चुकीची नव्हती, घाई झाली होती. ‘मी ओझं आहे’ हे विधान कोर्टात सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, कारण त्यात तपासण्यासारखं काही नसतंच. अशा विधानावर पुरावे गोळा करत बसलं की माणूस फक्त ते विधान घोटत राहतो.

वाक्य फोडलं तेव्हा

पुढच्या भेटीत वही मिटून एकच वाक्य फळ्यावर लिहिलं, त्याच्याच शब्दांत: ‘लोक मला टाळतात, कारण मी ओझं आहे, आणि हे असंच राहणार.’ मग त्याला विचारलं, “अहवाल म्हणून हे तुमच्याकडे आलं असतं तर?”

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “परत पाठवलं असतं. तीन वेगळे दावे एका वाक्यात घातलेत.”

पहिला दावा घटनेचा: लोक टाळतात. हा तपासता येतो, आणि निदान पाच लोकांच्या बाबतीत अंशतः खराही आहे. दुसरा कारणाचा: मी ओझं आहे म्हणून. तिसरा भाकिताचा: असंच राहणार. क्षने १६ वर्षं पहिल्या दाव्याचे पुरावे जमवले होते आणि ते दुसऱ्या-तिसऱ्याच्या खात्यावर जमा केले होते.

आता कारणाकडे वळलो. नव्या ग्रुपमध्ये त्याला न घेण्याची जितकी कारणं सुचतील तितकी लिहायची, प्रत्येकाला शंभरातले गुण द्यायचे, आणि ‘माझा स्वभाव’ हे कारण सगळ्यात शेवटी लिहायचं. हा शेवटचा नियम किरकोळ दिसतो, पण तो मोडला तर तंत्रच फसतं. तो रकाना आधी लिहिला की ऐंशी गुण तिथेच जातात आणि बाकीच्यांना चिल्लर उरते. त्याच्या यादीत आलं: डोंगरावर जायची आवड त्याला नाही, ग्रुप मुळात ट्रेकसाठी काढला असेल, तो वेगळ्या गावी राहतो, कोणीतरी घाईत काढला आणि राहून गेलं. मग पेन थांबलं. जरा वेळाने त्याने लिहिलं, ‘मी येतो म्हणतो आणि येत नाही.’

हे वाक्य याआधी कुठल्याच रकान्यात आलं नव्हतं. विचारल्यावर सगळा क्रम बाहेर आला. बोलावणं आलं की तो ‘बघतो’ म्हणायचा. आग्रह झाला तर ‘येतो’. ऐन वेळी काम निघायचं. गेलाच तर सगळ्यात आधी उठायचा, नकोसं व्हायच्या आत. त्याच्या हिशोबाने ही लोकांवर केलेली मेहरबानी होती. आपण न गेल्याने त्यांना सुटल्यासारखं वाटत असेल, यावर त्याचा गाढ विश्वास होता.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये स्वतःला खरं करून दाखवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली. त्याचं उदाहरण बँकेचं आहे: बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात, आणि धडधाकट बँक खरोखर बुडते. क्षला हे सांगितल्यावर त्याने फळ्यावरच्या पहिल्या दाव्याकडे बोट दाखवून विचारलं, “म्हणजे हे मी बनवलं?” पूर्ण नाही. पण हातभार लावला होता.

चाचणी कशी आखली

तो आपल्या परीने चाचण्या घेतच होता. रात्री साडेअकराला कोणाला तरी नुसतं ‘हाय’ पाठवायचं आणि उत्तर येतं का पाहायचं. अर्थात ते यायचं नाही. पीटर वेसन यांचा १९६० चा प्रयोग इथे कामाला आला. लोकांना २-४-६ ही आकड्यांची रांग देऊन तिच्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. बहुतेकांनी ‘दोन-दोनने वाढणारे’ असं धरलं आणि ८-१०-१२ सारख्याच रांगा तपासत राहिले. प्रत्येक वेळी ‘बरोबर’ असं उत्तर आलं, खात्री वाढत गेली. खरा नियम फक्त चढत्या आकड्यांचा होता. आपला अंदाज जिथे चुकू शकेल अशी रांग फार थोड्यांनी तपासली. क्षचा ‘हाय’ हा ८-१०-१२ चाच प्रकार होता.

नवी चाचणी अशी ठरली. तिघांना वेगवेगळा निरोप पाठवायचा, दिवसा, नेमका आणि उत्तर देता येईल असा. पाठवण्याआधी वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतं, आणि काय झालं तर माझी समजूत चुकली असं मी मानीन. हा दुसरा भाग लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी न लिहिता निकाल पाहिला, की निकालाचा अर्थ जुनी समजूतच लावते.

त्याचं भाकीत: तिघांपैकी एक कोरडं उत्तर देईल, दोघं देणारच नाहीत. झालं असं, की एकाचं तासाभरात उत्तर आलं, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला, तिसऱ्याने काहीच कळवलं नाही. भेटीला आल्यावर तो बोलू लागला तिसऱ्याबद्दल. सात-आठ मिनिटं तिसऱ्याबद्दलच. मग स्वतःच थांबून वही उघडली आणि आधी लिहिलेलं वाचलं.

मित्राला विचारायचं की नाही

या प्रकरणात सगळ्यात जोखमीचा निर्णय हाच होता. उत्तर वाईट आलं तर? म्हणून विचारण्याआधी एक भेट फक्त त्या शक्यतेला दिली. समजा मित्र म्हणाला, ‘हो, तुझा कंटाळा येतो.’ मग काय? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत उभी केली, तिचा रोख इथेच आहे. घटना वाईट असू शकते. तिच्यावरून अख्ख्या माणसाची किंमत ठरवणं ही मात्र आपण घातलेली भर असते. क्षने त्याच्या पद्धतीने लिहिलं: ‘एका माणसाला माझा कंटाळा येतो. वाईट आहे. नमुना संख्या: १.’ तो हसला, आणि तिथे मला वाटलं की आता विचारायला हरकत नाही.

प्रश्नाचा पहिला मसुदा होता, ‘मी तुम्हाला नकोसा झालोय का?’ या प्रश्नाला सभ्य माणूस ‘नाही रे, काहीतरीच काय’ एवढंच म्हणू शकतो, आणि त्या उत्तरावर क्षने विश्वास ठेवला नसता. तीनदा बदलून पाठवला तो असा: ‘तुमचा नवा ग्रुप आहे हे कळलं. वाईट वाटलं. माझ्या वागण्यात काही खटकलं असेल तर स्पष्ट सांग, मला खरंच ऐकायचंय.’

मित्राने निरोपाला उत्तर न देता फोन केला. क्षने सांगितलेलं त्याचं बोलणं साधारण असं: “अरे, तू येतो म्हणतोस आणि येत नाहीस. दोनदा तुझं बुकिंग करून ठेवलं होतं. आलास तर घड्याळ बघत बसतोस. आम्हाला वाटलं तुलाच आमच्यात रस राहिला नाही. किती वेळा मागे लागायचं?”

वगळलं जाणं खरं होतं. राग होता, तोही खरा. फक्त त्यांच्या बाजूने गोष्ट उलटी होती: आपणच याला नकोसे झालोत, असं ते पाच जण धरून चालले होते.

जे तपासायचं नाही असं ठरवलं

हे जमल्यावर क्षला वसतिगृहातल्या त्या मित्राला शोधून काढावंसं वाटलं. ते वाक्य माझ्याबद्दल होतं का, हे एकदा कळू दे. यावर आम्ही बराच विचार केला. १६ वर्षांपूर्वीचं सहज बोललेलं वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षात राहिलेलं असण्याची शक्यता जवळपास नाही. ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं असतं आणि क्षने त्याचा अर्थ ‘लपवतोय’ असा लावला असता. शिवाय वाक्य त्याच्याबद्दलच असेल, हेही शक्य आहे. वीस वर्षांची मुलं असं बोलतात. तेव्हा ते त्याच्याबद्दल होतं असं धरूनच पुढे जायचं ठरलं: एका संध्याकाळी, दोन मुलांना, तो नको होता. हे मान्य करणं त्याला शोधाशोधीपेक्षा जड गेलं.

निष्पत्ती

बारा आठवड्यांनी पीएचक्यू-९ चे गुण ५ वर आले. औषध लागलं नाही. पहाटेची जाग आठवड्यातून एखाद-दोन वेळा येतेच. नव्या ग्रुपमध्ये त्याला घेतलं गेलं. त्याला डोंगर आवडत नाहीत, त्यामुळे तिथले बहुतेक निरोप तो वाचतही नाही. दोघांशी मात्र नियमित बोलणं सुरू झालं. ‘बघतो’ म्हणणं त्याने सोडलं आहे. आता ‘गुरुवारपर्यंत नक्की सांगतो’ म्हणतो, आणि गुरुवारी हो किंवा नाही कळवतो. ‘नाही’ कळवल्यावर कोणी नाराज झालं नाही, याचं त्याला अजून नवल वाटतं.

तिसऱ्या मित्राचं उत्तर कधीच आलं नाही. का, ते कळलेलं नाही. ती समजूतही गेलेली नाही. थकलेला असला की हजर होते. पण तिच्यावरून तो बेत रद्द करत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पुराव्यांच्या वहीत दोन भेटी गेल्या, त्या वाचल्या असत्या. तर्कात पटाईत माणसाला वादाच्या मैदानात बोलावू नये. आधी वाक्य फोडावं, मग लहानशी चाचणी द्यावी, आणि पुराव्यांची यादी लागलीच तर शेवटी.

पत्नीला तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलवायला हवं होतं. ती आली सातव्या भेटीला. फळ्यावरच्या गोष्टी ऐकून म्हणाली, “तू येतो म्हणतोस आणि येत नाहीस, हे मी कित्येक वर्षं सांगतेय.” ती सांगत होती हे खरं, पण वैतागून. क्षला त्यातून फक्त ‘मी हिलाही ओझं आहे’ एवढंच ऐकू आलं होतं. रोजच्या वागण्याची माहिती घरच्यांकडे असते, ती लवकर मागवली तर अंदाजांचे फेरे कमी होतात. झोपेवरही वेगळं, आधी काम करता आलं असतं. अर्धवट झोपलेल्या डोक्याला पहाटे चारला कुठलीही समजूत खरीच वाटते.

ही पद्धत जशीच्या तशी सगळीकडे लावू नये. कामाच्या ठिकाणी भेदभाव किंवा घरात छळ होत असताना ‘या घटनेची दुसरी कारणं लिहा’ असं सांगणं म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणं होतं. तिथे आधी परिस्थिती बदलावी लागते. मित्राला विचारण्याचं पाऊलही क्षला झेपलं ते वाईट उत्तराची तयारी झाल्यावर. गुण १५ च्या पुढे असते, तर ते पाऊल लांबणीवर टाकून मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच पुन्हा पाठवलं असतं. आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्याहून अधिक आलं असतं, तर फळा आणि वही बाजूला ठेवून त्याच दिवशी सुरक्षिततेबद्दल बोललो असतो, घरच्या कोणाला सोबत घेऊन.